न टाकण्याच्या वशाची कहाणी

ऐका आसरामाउली, तुमची कहाणी. आणि बायांनो, तुम्हीही ऐका. माउलीला ती पाठ आहे, विसरतो आपण. वत्सलावहिनी, भाजी उद्या निवडा, आता इकडं कान द्या.

आटपाट नगर होतं. पण नगराच्या आधी तिथं तळं होतं. तळं होतं म्हणून गुरं आली, गुरं आली म्हणून माणसं आली, माणसं आली म्हणून घरं झाली. घरं झाल्यावर राजा आला. राजा म्हणाला, हे नगर माझं. तळं काही बोललं नाही. तळ्यात आसरामाउली राहत होती, पाण्याची देवता ती. तिच्या सहा बहिणी तिच्या आसपास राहत होत्या. कुणी लव्हाळ्यात, कुणी पोयणीच्या पानाखाली, कुणी मासळीच्या संगतीनं. पाणी असं निवळ की काठावर वाकून बाईनं कुंकू लावावं, आरशाचं काम नाही.

नगर मोठं भाविक. घरात लग्न झालं, चला तळ्यावर, माउलीची ओटी भरा. मूल झालं, चला तळ्यावर. पीक आलं, चला तळ्यावर. खण, नारळ, बांगड्या, तांदूळ, हळदकुंकू, सगळं पाण्यात. मग देवाचं निर्माल्य साठलं, ते कुठं न्यायचं? केरात घालायला जीव धजत नाही. मग तळ्यात. मूर्ती भंगली, पोथी फाटली, देव्हारा किडला, मग तळ्यात. आणि एक सांगते, त्या नगरात तळ्यात कुणीही काही टाकत नसे. टाकतात तो केर. निर्माल्य सोडायचं, देव बोळवायचे, घट शिरवायचे. शब्द सगळे गोड. आपणही तेच बोलतो, म्हणून हसू नका.

मग काय झालं, पाणी हिरवं झालं. लोक म्हणाले, माउली रुसली, ओटी मोठी भरा. मोठी भरली. मग पाणी काळं झालं. लोक म्हणाले, माउली रागावली, आणखी मोठी भरा. आणखी मोठी भरली. मग पाण्याला वास सुटला. लोक नाकाला पदर लावून ओटी भरू लागले, पण भरायचं मात्र थांबले नाहीत.

राजाला मूल नव्हतं. तो नवस बोलला, मुलगा झाला तर माउलीला पंचधातूचा हत्ती देईन. मुलगा झाला. राजानं हत्ती घडवला, अगदी खऱ्या पिल्लाएवढा. वाजत गाजत आणला, तराफ्यावर चढवला आणि तळ्याच्या मधोमध, जिथं सगळ्यांत खोल तिथं सोडला. बुडूक असा आवाज झाला. लोकांनी टाळ्या पिटल्या. राजा खूश होऊन घरी गेला. त्या दिवसापासून तळं आटू लागलं, आणि ते कशानं हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

त्या नगरात एक बुरुडाचं घर होतं. टोपल्या विणायच्या, सुपं विणायची, त्यावर पोट भरायचं. घरात सासू होती, तिचे तीन मुलगे होते, तीन सुना होत्या. धाकट्या सुनेचं नाव सगुणा. सासू मनानं चांगली, तोंडानं तिखट, म्हणजे आपल्यासारखीच. सगुणेला एक लेक होती, बकुळ नावाची, नुकती दुडदुडू लागलेली. सगळ्या घराचा जीव त्या पोरीत.

एके दिवशी बकुळ आजारी पडली. अंग तापलं, पोट फुगलं, पोटात काही राहीना. सगुणेनं वैद्य आणला. वैद्यानं नाडी पाहिली, डोळे पाहिले, मान हलवली. म्हणाला, "बाई, मुळी माझ्याकडं आहे. पण उगाळायची कशात? ह्या पाण्यात उगाळली तर औषधाचं विष होईल. जिवंत झऱ्याचं ओंजळभर पाणी आण, मी पोर तुझ्या मांडीवर हसती देतो."

सगुणा झरा शोधायला निघाली. वेशीच्या आत शोधला, वेशीच्या बाहेर शोधला, डोंगराच्या पायथ्याशी शोधला. विहिरी होत्या, पण विहिरींना पाणी तळ्याचंच. ती दमून परत आली. मग तिला वाटलं, माउलीच्या हातात सगळं आहे, आपलीच ओटी कमी पडली असेल.

मग तिनं खण घेतला, नारळ घेतला, तळ्यावर गेली, ओटी सोडली. म्हणाली, माउली, माझी बकुळ वाचव. माउली काही बोलली नाही. बकुळेचा ताप वाढला.

मग तिनं पायातली जोडवी काढली, तळ्यावर गेली, सोडली. म्हणाली, माउली, माझी बकुळ वाचव. माउली काही बोलली नाही. बकुळ दूध पिईना.

मग घरात द्यायला काही उरलं नाही. बकुळेच्या पायात चांदीचे वाळे होते, तिच्या मामानं बारशाला घातलेले. सगुणेनं ते काढले. पाय बारीक झाले होते, वाळे आपसूक निघाले, ते पाहून तिला रडू आलं. ती तळ्यावर गेली. हात वर केला. तोच पाण्यातून एक हात आला, आणि त्यानं तिचं मनगट धरलं.

"टाकू नको."

सगुणा घाबरली, पण वाळे सुटू दिले नाहीत. म्हणाली, "बाई, मी टाकत नाही. सोडते आहे."

"हो का?" पाण्यातून आवाज आला. "वर तुम्ही सोडता. खाली मला लागतं ते टाकल्यासारखंच."

आणि माउली पाण्याबाहेर आली. कशी आली म्हणाल? केसांत कुजके हार, दंडापर्यंत चढलेल्या दुसऱ्यांच्या बांगड्या, डोळ्यांत कुंकू गेलेलं, तोंडाभोवती खण गुंडाळलेले. सगुणेचं मनगट सोडून तिनं पुन्हा दोन्ही हातांनी पदर धरला. पदर पुढं पसरलेला, त्यात डोंगराएवढं ओझं, आणि त्या ओझ्यानं खांदे पार उतरलेले.

सगुणेनं हात जोडले. म्हणाली, "माउली, हे काय?"

"ओटी. तुझ्या आजेसासूच्या आजेसासूनं भरली, तेव्हापासून धरून उभी आहे. तुझी ओटी भरली की तू काय करतेस?"

"घरी नेते, देवापुढं सोडते. तांदळाची खीर करते, नारळाच्या वड्या करते, पोरांना वाढते."

"म्हणजे पदर रिकामा होतो."

"होतो तर. नाहीतर पुन्हा ओटी कशी भरतील?"

"माझी भरली सगळ्यांनी, सोडली कुणीच नाही. हात दोन, ते पदरात अडकलेले. झऱ्याच्या तोंडावर ओझं येऊन पडलं, ते सारू कशानं? बहिणी एकेक करून निघाल्या. म्हणाल्या, ताई, चल, इथं श्वास घेववत नाही. मी म्हटलं, बायांनो, मी कशी येऊ, माझी ओटी भरलेली आहे, उभ्यानं सांडली तर बरं दिसतं का?"

सगुणा रडू लागली. म्हणाली, "माउली, माझी लेक जाते आहे. मला वसा सांगा. मी उतणार नाही, मातणार नाही, घेतला वसा टाकणार नाही. पण वसा कोणता ते सांगा."

"आता बोललीस तोच."

"कोणता?"

"टाकायचं नाही."

सगुणेनं डोळे पुसले. मग म्हणाली, "एवढाच?"

"एवढा करून बघ, मग एवढाच म्हण. टाकायचं नाही हे पहिलं. टाकलेलं काढायचं हे दुसरं. आणि तिसरं, एकटीनं काढायचं नाही. झरा माझ्या पायाखाली आहे. नगराचे हात हलते राहतील तोवर तुझी लेक तग धरील, हे माझं वचन. हात थांबले तर पुढचं मला सांगता येत नाही."

एवढं बोलून माउली पाण्यात गेली. सगुणेनं वाळे पदराला बांधले आणि धावत घरी आली.

सासूला म्हणाली, "आत्याबाई, तळं साफ करायला चला."

सासू म्हणाली, "देवाला दिलेलं परत काढायचं? लाज आहे का?"

थोरल्या जावेला म्हणाली, "जाऊबाई, तळं साफ करायला चला." ती म्हणाली, "माझी कंबर धरली आहे." मधलीला म्हणाली. ती म्हणाली, "मला माहेरी जायचंय." शेजारणींना म्हणाली. त्या म्हणाल्या, "तळं साफ करणं राजाचं काम, आपलं नव्हे. आपण का घाण केली आहे? आपण तर फक्त सोडतो."

मग सगुणेनं काय केलं? जी चूक तुम्ही आम्ही करतो तीच केली. म्हणाली, कुणी येवो न येवो, मी एकटी करते. पदर खोचला, टोपली घेतली, गुडघाभर चिखलात उतरली. दिवस मावळेपर्यंत उपसलं. काठावर ढीग लागला. बकुळेचा जरा डोळा लागला. सगुणेला बरं वाटलं. सकाळी उठून बघते तर काठावरचा ढीग गायब. पहाटे पाण्याला आलेल्या बायांनी पाहिलं, म्हणाल्या, अरे देवा, माउलीचं निर्माल्य असं उघड्यावर कुणी टाकलं? आणि भक्तिभावानं, हात जोडून, सगळंच्या सगळं पुन्हा तळ्यात सोडलं.

सगुणा तिथंच मटकन खाली बसली. घरी बकुळेचा ताप पुन्हा चढला. आणि तिच्या डोक्यात उजेड पडला की एकटीनं काढू नको असं माउली का म्हणाली.

मग ती उठली. न्हाली. धुतलं लुगडं नेसली. हळदीकुंकवाचा करंडा घेतला आणि घरोघरी निघाली. आता तळ्याचं नाव नाही, साफसफाईचं नाव नाही. दाराशी उभी राहायची, कुंकू लावायची आणि म्हणायची, "उद्या तळ्यावर यायचं बरं का. आसरामाउलीची ओटी सोडायची आहे."

आता हळदीकुंकवाच्या बोलावण्याला नाही कोण म्हणतं? सांगा. ज्या बाईची कंबर धरलेली असते तिची सुटते.

पहिलं बोलावणं घरातच केलं. सासू सूप विणत होती. तिचा हात थांबला. म्हणाली, "ओटी सोडायची म्हणजे?"

"आत्याबाई, आपण माउलीची ओटी भरतो. ती सोडायला कधी कुणी गेलं का? ती पदर धरून उभी आहे पाण्यात."

"माझ्या लग्नात मी भरली होती ती?"

"ती पण."

सासूनं सूप बाजूला ठेवलं.  मग म्हणाली, "अगं, मग खांदे गेले असतील की तिचे." आणि म्हातारीनं तिथल्या तिथं पदर खोचला.

मग सगुणा राजवाड्यावर गेली. शिपाई म्हणाला, कोण तू? ती म्हणाली, राणीसाहेबांना हळदीकुंकवाचं बोलावणं आहे. शिपाई बाजूला झाला. हळदीकुंकवाला अडवेल असा शिपाई अजून जन्माला यायचाय. राणीचं नाव सोनावती. तिनं कुंकू लावून घेतलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, येते.

दुसऱ्या दिवशी उजाडलं तर तळ्याचा काठ लुगड्यांनी फुललेला. बुरुडांच्या बाया, कोष्ट्यांच्या बाया, ब्राह्मणांच्या, भोयांच्या, महारवाड्यातल्या, वाण्याची आजी, वैद्याची बायको. सासूनं घरातल्या होत्या तेवढ्या टोपल्या बाहेर काढल्या. बकुळेला करंजाच्या सावलीत झोळीत ठेवलं, आणि थोरल्या जावेला झोका द्यायला बसवलं. सगुणेनं माउलीला हळदकुंकू वाहिलं ते काठावरच्या दगडावर, पाण्यात नाही. मग म्हणाली, "माउली, पदर सोडा, आम्ही आलो."

मग काय विचारता. उतरल्या सगळ्या. ही हिला टोपली देते, ती तिला देते, ती काठावर रिकामी करते. हार निघाले, नारळ निघाले, खण निघाले. बांगड्या तर अशा निघाल्या की नगरातल्या सगळ्या जणींचे हात भरून वर उरतील. निर्माल्य कुजून माती झालं होतं, ते शेतावर गेलं. मातीचे देव खड्ड्यात मातीला मिळाले. गाळ निघाला, काळा, लोण्यासारखा, तो परसात पडला. दुपार झाली तरी घरी चूल नाही, म्हणून पुरुष विचारायला आले. आले ते बघत उभे राहिले. उभे राहिले त्यांच्या हातात कुणीतरी टोपली दिली. मग ते परत गेलेच नाहीत.

आणि काय गंमत, ज्याची त्याची वस्तू ज्याला त्याला ओळखू येऊ लागली. अगं, हा माझ्या डोहाळजेवणातला खण. अगं, हा माझ्या आईचा करंडा. सगुणेच्या सासूच्या हाताला एक चिमुकली कुंची लागली, दगडाला बांधलेली. तिचं पहिलं मूल गेलं होतं, त्याची. तिनं ती स्वतःच सोडली होती, कुणाला न सांगता. म्हातारी चिखलात उभी राहून रडली. सुनांना ते मूल झालं होतं हेच ठाऊक नव्हतं. सगुणेनं सासूच्या हातातली कुंची घेतली, निवळ पाण्यात धुतली नाही, कारण निवळ पाणी होतंच कुठं, नुसती पदरानं पुसली आणि तिच्या कमरेला खोवून दिली. म्हणाली, आत्याबाई, ही आता घरी ठेवायची.

असं दिवसामागून दिवस चाललं. एक पाळी दमली की दुसरी उतरायची, रात्री मशाली लागायच्या, हात म्हणून थांबले नाहीत. बकुळ बरी होईना, पण जाईनाही. वैद्य मुळी घेऊन काठावर बसून राहिला. सहाण समोर, पाणी कधी येतं ह्याची वाट बघत.

मग एके दिवशी मधोमध, सगळ्यांत खोल जागी, गाळातून सोंड वर आली. हत्तीची सोंड. लोकांनी भोवतालचा गाळ काढला. हत्ती उघडा झाला. त्याच्या पोटाखालची माती ओली, आणि बुडबुडे येताहेत. एक, मग दुसरा, मग तिसरा. सगुणा ओरडून म्हणाली, "झरा ह्याच्या खाली आहे."

दोर आले. दोर बांधले. माणसं लागली, बाया लागल्या. ओढणार, तोच घोड्यावरून राजा आला. म्हणाला, "थांबा. माझ्या नवसाचा हत्ती आहे. कोण काढतंय?"

सगळे थांबले. राजाच तो. दोर ढिले पडले, टोपल्या खाली आल्या, सगळ्या तळ्यात एक हात हलेना. आणि करंजाखालून थोरली जाऊ किंचाळली, "सगुणा, पोरीनं डोळे फिरवले."

सगुणेला तिकडं धावावंसं वाटलं. पण ती धावली नाही. दोर हातात घट्ट धरला आणि राजाला म्हणाली, "महाराज, हत्ती तुम्ही माउलीला दिलात ना?"

"दिला."

"म्हणजे आता तो तुमचा नाही, माउलीचा. आणि माउली म्हणते, मला नको."

राजानं लगाम ढिला सोडला. त्याचा आवाज खाली आला. म्हणाला, "बाई, माझा मुलगा ह्या हत्तीच्या बोलीवर जन्मला आहे. हत्ती काढला आणि त्याला काही झालं तर?"

तेव्हा चिखलातून एक बाई पुढं आली. अंगभर गाळ, केस सुटलेले, राजानं ओळखलं नाही. ती राणी होती. म्हणाली, "तो तळ्याचंच पाणी पितो. काल रात्री त्याचंही अंग तापलं आहे. तुम्हांला सांगायला आले नाही, कारण माझे हात रिकामे नव्हते."

एवढं बोलून राणीनं दोर खांद्यावर घेतला आणि एकटीच ओढू लागली. हत्ती कसला हलतो. पण ती ओढत राहिली. मग सगुणा ओढू लागली. मग सासू. मग सगळं नगर. हत्ती डुलला, पण सुटेना. मग राजा घोड्यावरून उतरला. जोडे काढले. मंदिरात शिरताना काढतात तसे काढले, आणि गाळात उतरला. दोराला हात लावला. म्हणाला, "ओढा."

ओढलं. हत्ती कलंडला. आणि त्याच्या पायाखालून पाणी उसळलं. कमरेएवढं वर आलं. गार, गोड, काचेसारखं. लोकांनी एकमेकांना भिजवलं, वाण्याची आजी नाचली, राजाच्या मिशीवरून गाळ वाहून गेला. सगुणा मात्र नाचली नाही. तिनं ओंजळ भरली आणि धावली. वाटेत कुणी आड आलं नाही. वैद्यानं मुळी उगाळली. चमचाभर बकुळेच्या ओठाला लावली. पोर हलेना. दुसऱ्यांदा लावली. पोर हलेना. तिसऱ्यांदा लावली, आणि बकुळेनं जीभ बाहेर काढून चाटली. डोळे उघडले. आईकडं बघितलं आणि म्हणाली, "अजून दे."

सगुणेनं पदराची गाठ सोडली आणि वाळे लेकीच्या पायात घातले. उरलेलं औषध राजवाड्यात गेलं. राजपुत्रही उठून बसला. हत्ती काठावर ठेवला. नगरातली पोरं त्याच्या पाठीवर बसून भांडतात, आणि राजाला ते आवडतं.

इथं कहाणी संपावी, नाही का? पण राणी सोनावती म्हणाली, "सगुणे, माउली सवाष्ण देवता. तिचा पदर रिकामा कसा ठेवायचा? ओटी भरायची कशानं?"

सगुणा काठावर गेली. माउली कमरेएवढ्या पाण्यात उभी होती, दोन्ही हात मोकळे, खांदे चोळत होती. सगुणेनं विचारलं. माउली म्हणाली, "माझ्या बहिणी डोंगरापलीकडच्या डबक्यात दाटीवाटीनं राहताहेत. त्यांना घेऊन या. ओटीत जे घालाल ते रुजलं पाहिजे, एवढी एकच अट."

मग बाया डोंगरापलीकडं गेल्या. त्या गावच्या बायांना कुंकू लावलं, म्हणाल्या, तुमच्या पोयणीचा एक कंद द्या, लव्हाळ्याचं एक ठोंब द्या, पाण्यात आपोआप उगवणाऱ्या देवभाताचं पसाभर बी द्या. घागरीतून मरळ माशाची पिल्लं द्या. त्यांनी दिलं. बाया माहेराहून आल्यासारख्या पदर भरून परत आल्या. आणि काठानं गुडघाभर पाण्यात वाकून ते टाकलं नाही, सोडलं नाही, रोवलं. राजा म्हणाला, काठाला दगडी पायऱ्या बांधू, शोभा येईल. सगुणा म्हणाली, महाराज, पायऱ्यांत बेडूक कुठं राहील? राजानं पायऱ्या नाही बांधल्या.

लव्हाळा वाढला, एक बहीण आली. पोयणी फुलली, दुसरी आली. मासळी खेळू लागली, पाणकोंबडी घरटं करू लागली, बगळे आले, बेडूक ओरडू लागले, करत करत सहाही परतल्या. ऋषिपंचमीला न नांगरता उगवलेलं धान्य लागतं, तेव्हा नगरातल्या बायांनी तळ्यातल्या देवभाताच्या लोंब्या खुडल्या, आणि सगुणेच्या सासूनं पहिला घास बकुळेला भरवला. पोरीनं अर्धा सांडला. म्हातारी रागावली नाही, हे त्या घरात पहिल्यांदा घडलं.

टाकणाऱ्याचं नगर असं रोवणाऱ्याचं झालं. सगुणेनं घेतला वसा टाकला नाही. सासूनं टाकला नाही, राणीनं टाकला नाही, राजानंही टाकला नाही. त्यांच्या हातांना जशी माउली पावली, तशी तुम्हां आम्हां पावो. ज्या बाईचं लेकरू तापानं फणफणलं असेल तिच्या दारी निवळ पाणी येवो. ही साठ घागरींची कहाणी पाच ओंजळींत सुफळ संपूर्ण.

थांबा. हातातले तांदूळ पाण्यात नाही. वत्सलावहिनी, हात खाली घ्या, मी बघतेय. हे कांडलेले तांदूळ आहेत, रुजायचे नाहीत. सगळ्यांनी माझ्या पदरात घाला. त्या समोरच्या चुलीवर आधण ठेवलंय, खीर करू, आणि मग टोपल्या उचलू. पलीकडच्या कोपऱ्यातला गाळ अजून तसाच आहे.